डावीकडची कासवं

घरात तिला छोटी म्हणत. ती सेहेचाळीस वर्षांची होती, चष्मा लागला होता, केसांत पांढरं डोकावायला लागलं होतं. पण थोरल्या भावाने एकदा छोटी म्हटलं की त्यातून सुटका नसते. हा थोरला भाऊ म्हणजे दादा, तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. दोघंही किनाऱ्यावरच्या एकाच संशोधन केंद्रात कामाला होते. दादा बोटीवर उभा राहून समुद्री कासवं मोजायचा आणि छोटी वरच्या मजल्यावर बसून त्या मोजणीवर कितपत भरवसा ठेवायचा ते ठरवायची. "मी उन्हात करपायचं आणि हिने पंख्याखाली बसून शंका काढायच्या," असं दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आणि सांगताना त्याला तिचा अभिमान वाटतोय हे ऐकणाऱ्याला कळायचं.

बंदरावर दादाला सगळे दुर्बीण म्हणत. कासव श्वास घ्यायला वर येतं तेव्हा त्याचं डोकं लांबून अंगठ्याएवढंसुद्धा दिसत नाही, आणि दोन-चार क्षणांत ते खाली जातं. लाटेचा फुगवटा, तरंगणारं लाकूड, प्लास्टिकची बाटली आणि कासव यांतला फरक दादा नुसत्या डोळ्यांनी ओळखायचा. सव्वीस वर्षं त्याने हेच केलं होतं.

मोजणीची रीत साधी होती. बोट ठरलेल्या सरळ रेषेवरून सावकाश जायची. केबिनच्या छतावर एक मोजणारा उभा राहायचा आणि टोकाकडे तोंड करून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नजर फिरवत राहायचा. कासव दिसलं की ओरडून दोन गोष्टी सांगायच्या: किती लांब, आणि बोटीच्या टोकापासून कोणत्या बाजूला किती अंशावर. खाली बसलेला दुसरा ते वहीत उतरवून घ्यायचा. तासाने दोघं जागा बदलायचे. दादाचे जोडीदार होते मास्तर. शाळेतून निवृत्त झाल्यावर हौसेने इथे आलेले, सत्तरीचे, जाड भिंगांचे, आणि प्रत्येक कासवामागे "हजर!" असं ओरडणारे.

दोन वर्षांपूर्वी केंद्रात ड्रोन आला. त्याच दिवशी, त्याच रेषेवरून तो उडायचा आणि खालच्या पाण्याचे फोटो काढायचा. दादा त्याला माशी म्हणायचा. आता पुढे बोट चालू ठेवायची की ड्रोन, हे ठरवायची वेळ आली होती. दोन्ही पद्धतींची तुलना करून अहवाल देण्याचं काम छोटीकडे आलं. सख्खा भाऊ मोजणार आणि सख्खी बहीण तपासणार, हे बरं दिसणार नाही, म्हणून केंद्राच्या प्रमुख मॅडमनी एक व्यवस्था केली होती आणि तिचे नियम छोटीकडूनच लिहून घेतले होते. छोटीकडे येणाऱ्या आकड्यांत मोजणाऱ्यांची नावं नसायची. एक जण 'अ', दुसरा 'ब'. कोण अ आणि कोण ब, ते लिहिलेला कागद मॅडमच्या कपाटात पाकिटात बंद होता.

बोटीचा आणि ड्रोनचा आकडा एक येणार नाही, हे छोटीला ठाऊकच होतं. ड्रोनला पाण्याखाली हातभर दिसतं, तेव्हा तो जास्त मोजणारच. प्रश्न तेवढाच होता की हे जास्त दरवेळी सारखंच जास्त आहे का. सारखं असेल तर एका आकड्यावरून दुसरा काढता येतो आणि दोन्ही पद्धती खऱ्या ठरतात.

ते सारखं नव्हतं. गेल्या वर्षी ड्रोनला दहा कासवं दिसली तिथे बोटीला सहा दिसली होती. या वर्षी ड्रोनला दहा आणि बोटीला पाच. ड्रोनचा आकडा जागचा हलला नव्हता, बोटीचा घसरत होता. मागच्या वर्षांचे आकडे तसेच नावांशिवाय मागवले तर तो तीन वर्षं घसरतच होता. त्या घसरणीवरूनच गेल्या वर्षी आखाताच्या तोंडाशी मोठी जाळी टाकायला बंदी आली होती. कोळी कुरकुरत होते, की कासवं तर आम्हाला रोज दिसतात. केंद्राने त्यांना सांगितलं होतं की दिसणं वेगळं आणि मोजणं वेगळं.

छोटीने एकेक संशयित बाजूला काढायला सुरुवात केली. समुद्र खवळलेला असेल तर डोकी दिसत नाहीत, म्हणून फक्त शांत दिवस घेतले. घसरण तशीच राहिली. कासवं इंजिनाच्या आवाजाला बुजायला लागली असतील का? तसं असतं तर ती जवळून नाहीशी झाली असती आणि लांबची राहिली असती. जवळची आणि लांबची, दोन्ही सारख्याच प्रमाणात गेली होती.

मग शुक्रवारी दुपारी तिने चार वर्षांची सगळी कासवं कागदावर मांडली, दर वर्षाला एक कागद. मधोमध बोट, आणि जिथे जिथे कासव दिसलं तिथे तिथे एक ठिपका. चौथ्या वर्षाचा कागद यंत्रातून बाहेर आला तेव्हा तिला वाटलं शाई संपली. उजवीकडे ठिपक्यांची दाटी होती. डावीकडे विरळ.

पहिल्यांदा तिला सूर्य आठवला. पण बोट जाताना एका दिशेला जायची आणि येताना उलट. चमक डावीकडे असती तर परतीला उजवीकडे आली असती. तिने जाण्याचे आणि येण्याचे ठिपके वेगळे केले. दोन्हींत डावी बाजूच रोडावली होती. लिहिणाऱ्याने डावं-उजवं उलटसुलट केलं असेल? मग उजवीकडे दुप्पट दिसायला हवी होती. तीही नव्हती.

शेवटी तिने अ आणि ब वेगळे केले.

अ चे ठिपके दोन्ही बाजूंना सारखे पसरले होते, चारही वर्षं. ब चा पहिल्या वर्षीचा कागद तसाच होता. दुसऱ्या वर्षी डावीकडची अगदी कडेची जागा पातळ झाली होती. तिसऱ्या वर्षी ती जागा कोरी होती आणि तिच्या अलीकडची पातळ. चौथ्या वर्षी कागद जवळजवळ मधल्या रेषेपर्यंत कोरा होता. कुणीतरी दार हळूहळू लोटत आणावं तसं.

छोटीने चारही कागद ओळीने ठेवले आणि खुर्ची मागे सरकवली. पाण्यात काही झालेलं नव्हतं. माणसात झालं होतं.

"बिचारे मास्तर," ती स्वतःशी म्हणाली. सत्तरी, ती भिंगं, ते उन्हात उभं राहणं. दुसरा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही. दुर्बिणीला दिसत नाही, असं कोण म्हणेल?

ती मॅडमकडे गेली आणि पाकीट उघडायला हवं म्हणाली.

"अहवाल पूर्ण होईपर्यंत नाही," मॅडम म्हणाल्या. "एकदा नावं कळली की तुझ्या तुलनेला काही अर्थ राहत नाही. हा नियम तूच लिहिलायस."

"मॅडम, या माणसाला डॉक्टरची गरज आहे."

"ठिपक्यांवरून?" मॅडमनी कागदांकडे पाहिलं. त्यांना हसू येत नव्हतं, पण पटतही नव्हतं. "सोमवारी ये. शनिवार-रविवार नीट विचार कर. सोमवारीही हेच म्हणालीस तर उघडू."

छोटी कागद गोळा करून निघाली, कारण तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर तिनेही हेच सांगितलं असतं.

रविवारी दुपारी ती दादाकडे जेवायला गेली. दर महिन्याला एकदा जायचीच. दादाने दार उघडलं, तोंडभर हसला आणि तिच्या हातातली पिशवी घ्यायला वळताना डावा खांदा चौकटीवर आपटला. "हे दार दिवसेंदिवस अरुंद होतंय," तो म्हणाला.

जेवताना छोटीने विषय काढला. "दादा, मास्तरांना नीट दिसतं ना रे हल्ली?"

"मास्तर? म्हातारा घारीसारखा बघतो. कधी कधी मला संशय येतो, माझ्यापेक्षा जास्तच कासवं त्याला भेटतात. खाली वशिला लावलाय त्याने." दादा आपल्याच विनोदावर हसला आणि चमचा खाली ठेवला. "झालं माझं. भाजी थोडीच केली होती का आज?"

छोटीने त्याच्या ताटाकडे पाहिलं. उजवी बाजू चाटूनपुसून साफ होती. डावीकडे भाजी आणि अर्धा भात जसाच्या तसा होता.

वहिनीने हात पुढे केला. ताट अर्धं फिरवलं. "अरे, आहे की," म्हणत दादा परत जेवायला लागला. तिने ते इतक्या सहज केलं, जशी उशी सारखी करावी.

हात धुताना छोटीने तिला गाठलं. "वहिनी, हे ताट फिरवणं कधीपासून चाललंय?"

"वर्ष झालं असेल. लक्षच नसतं गं त्यांचं. दाढीसुद्धा एका गालाची अर्धवट राहते, मग मी ओरडते." वहिनी हसली. मग छोटीचा चेहरा पाहून तिचं हसू थांबलं. "का? काय झालं?"

"काही नाही. असंच."

घरी जाताना छोटी बसमध्ये खिडकीशी बसली आणि उतरायचा थांबा चुकली. हातात फोन होता. एक फोन केला असता तर काम झालं असतं: दादा, उद्या बोटीवर जाऊ नकोस. पण पाकीट अजून बंद होतं. ब म्हणजे मास्तरही असू शकत होते. एका ताटावरून, एका खांद्यावरून सव्वीस वर्षं छतावर उभ्या राहिलेल्या माणसाला खाली उतरवायचं? त्यात ड्रोनची तुलना चालू असताना? त्याला वाटलं असतं, बहिणीनेच माशीची बाजू घेतली. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, ही तिची आयुष्यभराची सवय होती. तिने फोन पिशवीत ठेवला.

सोमवारी बोट सकाळी सहाला निघाली. मॅडम दहाला आल्या. छोटी त्यांच्या खोलीबाहेर उभीच होती.

मॅडमनी कपाट उघडलं, पाकीट फाडलं, कागद वाचला आणि न बोलता तिच्या हातात दिला. अ पुढे मास्तरांचं नाव होतं.

छोटी जिना उतरून वायरलेसच्या खोलीकडे धावली. खोलीत ऑपरेटर कानाला यंत्र लावून भराभर लिहीत होता. तिला पाहून त्याने हाताने थांबायची खूण केली.

"बोट परत फिरलीय," तो म्हणाला. "एका होडीला धडकली. आपल्या माणसांना काही नाही. होडीतल्या एकाला लागलंय."

"कुठल्या बाजूने धडकली?"

ऑपरेटरने विचित्र नजरेने तिच्याकडे पाहिलं. असं कुणी पहिल्यांदा विचारत नाही. "डावीकडून."

बोट धक्क्याला लागली तेव्हा तिथे रुग्णवाहिका उभी होती. होडीतला माणूस स्वतःच्या पायांनी चालत गेला. हात पंच्यात गुंडाळलेला होता आणि पंचा लाल झाला होता. कप्तान उतरला तोच बोलत उतरला. "दिवसाढवळ्या! आरशासारखं पाणी! केशरी रंगाची होडी, नांगर टाकून उभी! मी केबिनमध्ये पाण्याची खोली बघतोय, वर दुर्बीण उभा आहे म्हणून निर्धास्त. एक शब्द नाही! एक शब्द ओरडला नाही हा!"

दादा सगळ्यांत शेवटी उतरला. मास्तरांनी त्याचा दंड धरला होता. तो छोटीजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "तिथे होडी नव्हती, छोटी. शपथेवर सांगतो. पाणी होतं नुसतं. मग एकदम लाकूड मोडल्याचा आवाज आला."

संध्याकाळी दादाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिघं बसली. दादा, वहिनी आणि छोटी. चहा तसाच गार होत होता. दादा चिडलेला होता, पण चिडीच्या खाली काहीतरी वेगळंच होतं, आणि ते लपवायला तो जास्त चिडत होता.

"झोप लागली म्हणतात मला. उभ्या उभ्या! सव्वीस वर्षांत कधी डोळा लागला नाही. आणि तू धक्क्यावर कशाला आली होतीस? तुला कुणी सांगितलं?"

"दादा, तुला एक दाखवायचंय."

तिने पिशवीतून दोन कागद काढले आणि टेबलावर त्याच्यासमोर एकाखाली एक ठेवले. वरचा मास्तरांचा, खालचा त्याचा. दोन्ही याच वर्षाचे. "ही या हंगामातली कासवं. मधे बोट आहे. वरचा कागद मास्तरांचा, खालचा तुझा. नीट बघ. काय फरक दिसतो?"

दादाने चष्मा लावला. कागद उचलले, जवळ आणले, लांब नेले. वरचा बघितला, खालचा बघितला. वहिनी त्याच्या खांद्यावरून बघत होती. तिला लगेच दिसलं. मास्तरांचा कागद दोन्हीकडे भरलेला होता आणि दादाचा एका बाजूने उघडा पडला होता. तिने तोंडावर हात ठेवला.

दादाने कागद खाली ठेवले. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी होतं.

"फरक कुठला?" तो म्हणाला. "दोन्ही सारखेच तर आहेत."

छोटीने दोन्ही कागदांकडे परत पाहिलं. तिने चार वर्षांचे आकडे तपासले होते, सूर्य तपासला होता, लाटा तपासल्या होत्या, पण हे वाक्य येईल असं तिला वाटलं नव्हतं. मास्तरांच्या कागदाची डावी बाजूही त्याला दिसत नव्हती. त्याच्या लेखी ती बाजू नव्हतीच, कुणाच्याच कागदावर.

"काय झालं?" दादाने विचारलं. मग त्याने बायकोकडे पाहण्यासाठी मान वळवली. ती त्याच्या डाव्या खांद्याशी उभी होती. त्याची नजर तिच्यापर्यंत पोहोचलीच नाही. "कुठे गेली ही?" तो म्हणाला. "आत्ता तर इथे होती."

"इथेच आहे मी," वहिनी म्हणाली आणि रडायला लागली.

दादाला आवाज डावीकडून आलेला कळला. त्याने दोन्ही हात कागदांवर ठेवले. मग त्याने वरच्या कागदावर बोट टेकवलं आणि ते सावकाश डावीकडे सरकवत नेलं, आणि बोटामागून मानही नेली. मास्तरांचे ठिपके एकेक करून त्याच्या नजरेत आले. मग त्याने आपल्या कागदावर तेच केलं. बोट कोऱ्या कागदावरून सरकत गेलं, टेबलाच्या कडेशी जाऊन थांबलं.

"मी किती सोडली?" त्याने विचारलं.

"या वर्षी? तुझ्या वाट्याची जवळजवळ निम्मी."

"आणि ती होडी."

छोटीने कागद पिशवीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरने डोळे तपासले आणि ते उत्तम आहेत म्हणून पुढे पाठवलं. मग मेंदूचं चित्र काढलं. उजव्या बाजूला, मागच्या भागात, लहान लिंबाएवढी गाठ होती. डॉक्टरीणबाई शांतपणे बोलणाऱ्या होत्या. "ही तीन-चार वर्षांपासून वाढत असणार, अगदी सावकाश. डोळे बघतात, पण डावीकडे काही बघण्यासारखं आहे हेच मेंदूला कळत नाही. त्यामुळे काही कमी आहे असंही वाटत नाही. म्हणूनच हे इतकं उशिरा सापडतं." त्यांनी छोटीकडे पाहिलं. "तुम्ही आल्या आल्याच तीन-चार वर्षं म्हणाला होतात. तो अंदाज कसा काय आला?"

"आमच्याकडे नोंदी होत्या," छोटी म्हणाली.

शस्त्रक्रिया नऊ तास चालली. मास्तर पूर्ण वेळ बाहेरच्या बाकावर बसून होते. "मी खाली बसून लिहीत होतो," ते पुन्हा पुन्हा म्हणत. "वहीत मान खुपसून. उजवीकडे चाळीस, उजवीकडे साठ, उजवीकडे पंचवीस. तीन वर्षं लिहिलं मी हे. शाळेत एखादं पोर अर्धंच पान सोडवून आणायचं ते मला लगेच दिसायचं. हे कसं दिसलं नाही?"

गाठ निघाली आणि ती वाईट जातीची नव्हती. दादा वाचला. डावी बाजू मात्र परत आली नाही. ती येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. त्याला नव्याने बघायला शिकवलं गेलं: आधी मान पूर्ण डावीकडे, तिथून सुरुवात, मग उजवीकडे. दिवसातून शंभर वेळा, न विसरता. वहिनीने ताटाच्या डाव्या कडेला लाल रंगाची चिकटपट्टी लावली. तिच्यापर्यंत मान वळली की मग जेवायला सुरुवात करायची.

दीड महिन्याने तो स्वतः म्हणाला, की मला त्या माणसाला भेटायचंय. छोटी त्याला घेऊन गेली. होडीवाला पत्र्याच्या शेडमध्ये एका हाताने जाळं नीट करत बसला होता. दुसऱ्या हाताची दोन बोटं गेली होती. दादाने माफी मागितली, गाठीचं सांगितलं, डोक्यावरचा टाक्यांचा वण दाखवला. माणसाने सगळं ऐकून घेतलं. तो रागावलेला नव्हता. राग येऊन गेला होता.

"मी ओरडलो होतो," तो म्हणाला. "तुम्ही ऐकलंत. तुम्ही तोंड वळवलंत, थेट माझ्याकडे. मी हात हलवला. मला वाटलं, बघितलं यांनी, आता बोट वळेल. म्हणून मी पाण्यात उडी टाकली नाही." त्याने जाळ्याची गाठ दाताने आवळली. "तुम्ही माझ्याकडे बघत होतात आणि तुमच्या तोंडावर काहीच नव्हतं. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही."

परतताना दादा दर थोड्या वेळाने मान पूर्ण डावीकडे नेऊन बघत होता.

छोटीने अहवाल पूर्ण केला. ब ची चारही वर्षं बाजूला काढली. उरलेले मास्तरांचे आकडे ड्रोनच्या आकड्यांशी इतके जुळले, की तिने आयुष्यात इतकी सरळ रेघ फार थोड्या वेळा पाहिली होती. ड्रोनला दहा तिथे मास्तरांना सुमारे सात, दोन्ही वर्षी. आणि चारही वर्षांत मास्तरांची मोजणी जवळपास एकाच पातळीवर होती.

"म्हणजे कासवं कमी झालीच नव्हती," मॅडम म्हणाल्या.

"नाही."

"आणि आपण त्यावरून बंदी घालायला लावली."

"हो."

मॅडम खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. "हे आपल्यापुरतं ठेवता आलं असतं तर," त्या म्हणाल्या, आणि वाक्य तसंच सोडलं. त्यांनी तशी विनंती केली नाही, छोटीनेही ती ऐकल्याचं दाखवलं नाही. अहवाल जसा होता तसा वर गेला. चूक कुठे झाली, किती झाली, कशी सापडली, सगळं त्यात होतं. दोन महिन्यांत बंदी उठली. धक्क्यावर मोठी जाळी धुतली गेली, वाळत पडली, बोटींवर चढली. कोळ्यांनी केंद्राचं कौतुक केलं. चूक कबूल करणारं सरकारी खातं त्यांनी प्रथमच बघितलं होतं.

पुढच्या हंगामापासून ड्रोनची पद्धत कायम झाली. बोट आणि मास्तर पडताळणीपुरते राहिले. दादाला खालच्या मजल्यावर फोटो तपासायचं काम मिळालं. तो माशीचे फोटो पडद्यावर लावायचा, मान डाव्या कोपऱ्यापर्यंत न्यायचा आणि तिथून ओळीओळीने उजवीकडे यायचा. कासव असेल तर संख्या सांगायची, नसेल तर 'पाणी' म्हणायचं. शेजारी बसलेली टंकलेखिका ते नोंदवून घ्यायची.

हंगामाच्या तिसऱ्या आठवड्यात आकडे छोटीकडे आले. तिने बेरीज केली आणि परत एकदा केली. गेल्या वर्षीच्या याच आठवड्यांपेक्षा तिसरा हिस्सा कमी.

तिच्या मनात पहिला विचार जो आला त्याची तिला लाज वाटली, पण हायसंही वाटलं. दादा. परत काहीतरी वाढतंय. तिने प्रत्येक फोटो मधोमध दुभागला, डाव्या आणि उजव्या बाजूंची कासवं वेगवेगळी मोजली. दोन्ही बाजू सारख्या होत्या. मग तिने दोनशे फोटो स्वतः तपासले, टंकलेखिकेलाही वेगळे दोनशे दिले. दादाने एकही कासव सोडलं नव्हतं. उलट तिने सोडलेली दोन त्याने पकडली होती. शेवटची आशा म्हणून तिने मास्तरांच्या वह्या मागवल्या. ड्रोनला दहा तिथे मास्तरांना सात. आधीसारखंच. मोजण्यात कुठेही खोट नव्हती.

ती आकडे घेऊन मॅडमकडे गेली. आखाताच्या तोंडाशी घट सगळ्यांत जास्त होती, जिथे जाळी परत आली होती तिथेच. मॅडमनी कागद दोनदा वाचला.

"एका हंगामावर बंदी मागता येणार नाही," त्या म्हणाल्या. "गेल्या वेळी आपण तोंडावर आपटलोय. आता वर पाठवायचं तर तीन हंगामांचे आकडे लागतील. तसं लेखी आलंय."

"तीन हंगामांत ती उरतील का?"

"तेही मोजावं लागेल," मॅडम म्हणाल्या. त्यांना ते असं म्हणायचं नव्हतं.

छोटी खालच्या मजल्यावर आली. दादाच्या खोलीत पडदे ओढलेले होते आणि पडद्यावर निळं-हिरवं पाणी होतं. पावलांवरून त्याने तिला ओळखलं.

"काय म्हणाल्या?"

"तीन हंगाम."

दादाने मान हलवली.  मग त्याने पुढचा फोटो लावला, मान पूर्ण डावीकडे नेली आणि वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. छोटी त्याच्या मागे उभी राहून त्याच्याबरोबर बघत होती. नजर शेवटच्या ओळीच्या उजव्या टोकाला पोहोचली.

"पाणी," दादा म्हणाला, आणि टंकलेखिकेने ते लिहून घेतलं.